वाचलं!

आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचा दरारा म्हणजे विचारू नका. ओला-सुका वेगळा केलेला नसेल तर त्या बादली तशीच दारात ठेवून निघून जातात. चेअरमनसाहेबसुद्धा त्यांच्यापुढे 'हो हो, चुकलं' म्हणतात. तर २०२४च्या जानेवारीतली सकाळ. सुक्या कचऱ्याची पिशवी हातात तोलत ताईंनी विचारलं, "काय हो, तुमच्याकडं रोज पार्टी असती व्हय?"

दारात मी आणि माझी रूममेट. दोघींच्या तोंडात ब्रश. आणि दोघींच्याही तोंडून एकदमच निघालं, "हिचे मित्र येतात!"

ताई गेल्या. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. कारण दोघींनाही पक्कं माहीत होतं की कुणाचेही मित्र आलेले नव्हते. बिस्किटांचे फॅमिली पॅक, वेफर्सची पाकिटं, नीट घडी घालून वर्तमानपत्रात गुंडाळलेले पिझ्झाचे खोके... त्यातलं अर्धं माझं होतं. मला तर वाटायचं की सगळंच माझंच आहे. मग उरलेलं?

गेल्या अंकात ब्रोकर नावाच्या प्राण्याबद्दल लिहिलं होतं, तेव्हा मजा आली. आजचा विषय तसा नाही. पण हसू आलं तर हसा, आम्हीही हसतो आता. विषय आहे बकाबका खाण्याचा. रात्री, दार लावून, एकटीने.

आधी एक गैरसमज काढून टाकू. लग्नाच्या पंगतीत पैज लावून दहा जिलब्या खाणं वेगळं. आमरसाच्या दिवसांत जरा जास्त होणं वेगळं. ते सगळ्यांचंच होतं, आणि व्हायलाच हवं! मी म्हणतेय ते असं की भूक नसते, चव कळत नसते, पोट दुखायला लागलेलं असतं आणि हात थांबत नाही. ब्रेक फेल झालेल्या ट्रकसारखं. मग एकदम थांबतं आणि स्वतःची किळस येते. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५९मध्येच अशा खाण्याचं वर्णन करून ठेवलं होतं. पण 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' म्हणून त्याला स्वतंत्र आजाराची जागा मिळाली ती २०१३मध्ये, 'डीएसएम-५' या निदानाच्या ग्रंथात. सरासरी आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, असा साधारण निकष. त्यात वजनाची अट नाही. म्हणजे शेजारच्या क्यूबिकलमधल्या सडपातळ मुलीलाही तो असू शकतो. पण हे मला नंतर कळलं. तोपर्यंत मी त्याला 'माझा हावरटपणा' म्हणत होते.

माझ्यापुरती हद्द झाली ती त्याच्या आधीच्या दिवाळीत. त्या वर्षी मला घरी जाता आलं नाही. पुरवणीचं काम होतं, आणि फ्रीलान्सरने दिवाळीत 'नाही' म्हटलं की होळीपर्यंत फोन येत नाही! तर आईने सांगलीहून बसच्या ड्रायव्हरकडे डबा दिला. स्टीलचा, मोठा, कडीचा. चकल्या, चिवडा, शंकरपाळ्या, बेसनलाडू. "महिनाभर पुरवून खा गं, मैत्रिणींनाही दे," असं फोनवर बजावलं. तो डबा मी स्वारगेटवरून संध्याकाळी सातला आणला आणि रात्री दीडला घासून पालथा घातला. रूममेट तेव्हा जळगावला गेली होती. दुसऱ्या दिवशी आईचा फोन : "आवडला का सगळ्यांना?" मी म्हटलं, "हो गं, लाडू तर पहिल्याच दिवशी संपले. सगळ्या विचारत होत्या, आईंनी बेसन कसं भाजलं म्हणून."

आई किती खूश झाली होती. मला अजून तो फोन आठवला की कसंतरी होतं.

तर त्या जानेवारीतल्या सकाळी मी ऑफिसला निघालेल्या रूममेटला थांबवून हे सगळं सांगितलं. ती सोफ्यावर बसली, बॅग खांद्यालाच. म्हणाली, "माझं रविवारी असतं." बस, एवढंच. पण दोन वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकींशी इतकं खरं कधी बोललो नव्हतो.

पुढे काय झालं ते ऐका, कारण इथे तुम्हीही हमखास हेच कराल. आम्ही पेटून उठलो! फ्रिजवर तक्ता लावला. साखर बंद, भात बंद, मैदा बंद. रोज सकाळी वजन. नियम मोडला की पन्नास रुपये डब्यात. रूममेटच्या ऑफिसमधला एक जण यात सामील झाला. मूळचा सोलापूरचा, हिंजवडीत टीम लीड, आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. त्याला आम्ही दादा म्हणतो, इथेही दादाच म्हणू. (पुरुषांना हे होत नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना दादाकडे पाठवा. फक्त पुरुषांच्या खाण्याला लोक 'दांडगी भूक' म्हणून टाळ्या देतात, म्हणून ते लपून जातं.) तिघांनी एकमेकांवर नजर ठेवायची, असा एकदम कॉर्पोरेट फंडा.

तीन आठवड्यांत काय झालं? दंडाच्या डब्यात साडेतीनशे रुपये जमले आणि आम्ही तिघंही सराईत खोटारडे झालो. रूममेट घरी यायच्या आधी रिक्षातच खायला लागली. मी पाकिटं दुसऱ्या सोसायटीच्या बादलीत टाकायला लागले. रात्री अकराला, स्कार्फ बांधून! दादाने तर सरळ सात दिवसांचे पैसे ॲडव्हान्स भरले. म्हणाला, "कटकट नको."

त्यावर आम्ही खूप हसलो. आणि हसता हसता रूममेट रडायला लागली. मग आम्ही कर्वे रोडवरच्या एका समुपदेशक मॅडमकडे गेलो.

वेळ संध्याकाळी पाचची होती. मनात धाकधूक, आता खाण्यावरून बोलणी बसणार. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "आज सकाळपासून काय खाल्लंत?" मी अभिमानाने सांगितलं, ब्लॅक कॉफी आणि एक काकडी. त्या म्हणाल्या, "मग रात्री काय होणार असं वाटतंय?"

बोलणी बसली, पण न खाण्यावरून.

आपल्याकडे म्हण आहे ना, एकादशी अन् दुप्पट खाशी. आपण ती साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांना चिडवायला वापरतो. मॅडमनी त्यामागचं शास्त्र सांगितलं. १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण स्वखुशीने त्यात आले. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. ती माणसं दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागली, काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. आणि पुन्हा भरपूर खायला मिळाल्यावर? त्यांच्यातले काही जण खात सुटले. पोट फुटेस्तोवर खाऊनही समाधान होईना. गंमत म्हणजे, प्रयोगाआधी यांना खाण्याचा कसलाच त्रास नव्हता. म्हणजे आम्ही फ्रिजवर जो तक्ता लावला होता, तो उपाय नव्हताच. आम्ही त्या मिनेसोटाच्या बिचाऱ्या पोरांसारखे स्वतःलाच उपाशी ठेवत होतो, वर त्याचा दंडही भरत होतो!

मॅडमची पद्धत त्यांच्या मनची नाही. ख्रिस्तोफर फेअरबर्न या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाचं 'ओव्हरकमिंग बिंज ईटिंग' हे पुस्तक १९९५ सालचं, नवी आवृत्ती २०१३ची. जाणकाराच्या मदतीने स्वतःच करायचा उपचार, असं त्याचं स्वरूप. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१७च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांच्या बिंज ईटिंगसाठी अशाच पद्धतीच्या उपचाराने सुरुवात करा म्हटलंय. यात आधी खाणं बंद करत नाहीत, सुरू करतात. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडंसं काहीतरी, आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांच्या वर खंड नाही. भूक असो-नसो, घड्याळ सांगेल तेव्हा. वजन आठवड्यातून एकदाच. आणि जे खाल्लं ते तेव्हाच्या तेव्हा लिहायचं. रात्री आठवून नाही, कारण रात्री आपण वकील झालेलो असतो.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, झालं, आता फुगा होणार माझा. सकाळी नऊला पोहे, साडेअकराला केळं, दीडला पोळी-भाजी-भात (भात! जानेवारीनंतर पहिल्यांदा!), चारला चहा आणि भाजलेले शेंगदाणे... मुंबईहून कुणी बघितलं असतं तर म्हणाले असते, पुणेकर दुपारी झोपण्याऐवजी खायला कधी लागले?

पण लिहिलेलं वाचणार कोण? मॅडमकडे तर पंधरा दिवसांनी जायचं. इथे आम्ही तिघं पुन्हा एकत्र आलो, पण या वेळी नियम वेगळे. रात्री दहाला प्रत्येकाने एकमेकांना एक मेसेज पाठवायचा. किती वाजता काय खाल्लं ते. मग जत्रा झाली का, ते. ('जत्रा' हा आमचा सांकेतिक शब्द. मीटिंगमध्ये मोबाइलची स्क्रीन कुणाला दिसली तर बिंज म्हणजे काय ते समजावत कोण बसणार?) जत्रा झाली असेल तर त्याआधीच्या तासाभरात काय चाललं होतं. आणि शेवटी, उद्याचा नाश्ता काय नि कधी.

खरा नियम मेसेज वाचणाऱ्यासाठी होता. सल्ला द्यायचा नाही. 'अगं, कशाला खाल्लंस?' नाही. 'उद्या नक्की जमेल' नाही. शाबासकीही नाही. उत्तरात फक्त एक शब्द : वाचलं.

शब्द रूममेटने निवडला. ती म्हणाली, 'ओके' म्हटलं की पास झाल्यासारखं वाटतं आणि उत्तर आलं नाही तर नापास. 'वाचलं' म्हटलं की फक्त कुणीतरी वाचलं. शाबासकीवरही बंदी का, हे मला आधी पटलं नव्हतं. नंतर कळलं. आज 'ग्रेट!' म्हणणाऱ्याला उद्या 'जत्रा झाली' हे सांगणं दुप्पट जड जातं. आणि एक कलम : साडेदहापर्यंत मेसेज आला नाही तर दुसऱ्याने एक फोन करायचा. खाण्याचा विषय काढायचा नाही. पाऊस आहे का तिकडे, एवढं विचारलं तरी चालेल.

मुक्तांगण आठवलं ना? मलाही आठवलं. १९८६पासून पुण्यात हे केंद्र व्यसनमुक्तीचं काम करतंय, त्यामुळे एकाच वाटेवरच्या माणसांनी एकमेकांना सांभाळायचं, ही कल्पना पुणेकरांना नवी नाही. खाण्यासाठीही 'ओव्हरईटर्स ॲनॉनिमस' नावाची चळवळ आहे. १९६०मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली, 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या धर्तीवर. फरक एकच, पण फार मोठा. दारू कायमची सोडता येते, जेवण सोडता येत नाही. सकाळी उठल्यावर त्याच्याशी पुन्हा गाठ आहेच. म्हणून आम्ही 'पुन्हा कधीच नाही' असली शपथ घेतली नाही. फक्त दहाचा मेसेज.

दीड महिन्यात मजेशीर गोष्टी दिसायला लागल्या. दादाची जत्रा मंगळवार-गुरुवारी, कारण त्या दिवशी अमेरिकेतल्या क्लायंटशी रात्री साडेनऊला कॉल, आणि दुपारी एकनंतर त्याच्या पोटात चहाशिवाय काहीही नाही. दादा स्वतःला मनाने कमकुवत समजत होता आणि तो साडेआठ तास उपाशी होता! सहाला डबा खायला लागल्यावर त्याची अर्धी जत्रा उठली. उरलेली अर्धी इतकी सोपी नव्हती. त्याच्या मेसेजमध्ये 'झोप नाही', 'नको वाटतं सगळं' हे फार वेळा यायला लागलं, तेव्हा मॅडमनी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. डिप्रेशन निघालं. औषधं सुरू झाली. मित्रांचा खांदा कुठे पुरत नाही, हे कळण्यासाठीही तो रोजचा मेसेज उपयोगी पडला, असं मला वाटतं.

रूममेटचा रविवार म्हणजे घरून येणारा स्थळांचा फोन. "मुलगा अमुक, पॅकेज तमुक, फक्त तू जरा वजन..." फोन ठेवला की ही किचनमध्ये. आता ती फोन जेवणाआधी घेत नाही, जेवल्यावर माझ्याशेजारी बसून घेते. स्थळं अजून येताहेत, त्यावर उपाय नाही.

आणि माझं? मला वाटायचं डेडलाइनचं टेन्शन. वही सांगत होती, साफ चूक. डेडलाइनच्या रात्री मी खातच नव्हते. जत्रा व्हायची लेख पाठवून झाल्यावर. मेल गेला, घर शांत, आता आवडेल की नाही, पैसे येतील की नाही... त्या रिकाम्या अर्ध्या तासात. आता लेख पाठवला की मी चपला घालते आणि खाली जाऊन सोसायटीला दोन चकरा मारते. ताईंच्या नंतर सोसायटीत जास्त चकरा माझ्याच.

पहिल्या महिन्यात वहीत अकरा जत्रा होत्या. सहाव्या महिन्यात दोन. इथेच थांबले असते तर लेख छान झाला असता. पण जुलैत एका संपादकांनी माझी पाच लेखांची मालिका तिसऱ्या लेखानंतर बंद केली. तेही मेसेजवर. रूममेट गावी होती. त्या रात्री जे व्हायचं ते झालं. दहा वाजता मी टाइप केलं, 'जत्रा : नाही.' दोन्हीकडून आलं, 'वाचलं.' दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्रीही. तपासणारं कुणी नव्हतंच, आणि 'वाचलं' हा शब्द मला तेव्हा पहिल्यांदा असह्य झाला.

चौथ्या रात्री दादाचा मेसेज माझ्या आधी आला. 'जत्रा : हो. कंपनीच्या बसमध्ये, सगळ्यांसमोर. आधी : मॅनेजरने सगळ्या टीमसमोर झापलं. उद्या नाश्ता : उपमा, साडेआठ.' मी तो चारदा वाचला. मग तीन दिवसांचा खरा हिशोब लिहिला, तारीख-वार. पाठवताना हात थरथरत होते, खरंच सांगते. दोन मिनिटांनी दादाचं 'वाचलं'. जळगावहून रूममेटचं 'वाचलं'. आणि अकराला तिचा फोन : "पाऊस आहे का गं तिकडे?" साडेदहाचं कलम लागूच नव्हतं. मेसेज तर गेला होता ना!

२०२४ची दिवाळी जवळ आली तशी आई डब्याबद्दल विचारायला लागली. मी या वेळी घरी जाऊन सांगायचं ठरवलं. ती चकलीची भाजणी चाळत होती. मी आधीच्या वर्षीच्या डब्याचं सगळं सांगितलं, मैत्रिणींच्या थापेसकट. तिची चाळणी थांबली. मला वाटलं, रडणार. ती म्हणाली, "म्हणजे बेसनाचं कुणीच विचारलं नव्हतं?"

"नाही."

बराच वेळ ती चाळत राहिली. मग विचारलं, "डबा पाठवू की नको? पाठवला तर छोटा पाठवू का?" मॅडमचं म्हणणं, कुठलाही पदार्थ वाळीत टाकायचा नाही. म्हणून म्हटलं पाठव, तेवढाच. तो डबा एकवीस दिवस पुरला. चारच्या चहाबरोबर, टेबलावर बसून, दारं उघडी ठेवून. त्यात एक जत्रा झाली, तीही वहीत आहे.

तुमच्यापैकी कुणाला यातलं काही ओळखीचं वाटलं असेल, तर फ्रिजवर तक्ता मात्र लावू नका. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करत असाल, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर मित्राच्या मेसेजची वाट न बघता डॉक्टर गाठा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही हेल्पलाइन २०२२मध्ये सुरू झाली, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं.

हां, एक सांगायचं राहिलं. आईला मेसेजची भानगड फार आवडली. "मला पण पाठव की तुझा रोजचा," म्हणाली. मी म्हटलं, एकतर्फी चालत नाही, तूही पाठवायचास. ती हसली. "मी काय खाते, त्यात वाचण्यासारखं काय?"

परवा रात्री दहाला तिचा पहिला मेसेज आला. 'सकाळी चहा. नंतर पुन्हा चहा. अडीच वाजता कालची पोळी नि चटणी, ओट्याशी उभ्यानं. मंगळवार म्हणून रात्री काही नाही. जत्रा आमच्याकडे नसते.'

मी मोठ्ठा मेसेज टाइप केला. आई, हे काय खाणं झालं का, बस जरा ताट वाढून, उपास कशाला या वयात, वगैरे वगैरे. सगळा पुसला. आणि लिहिलं, 'वाचलं.'